दम्याच्या शिक्क्याखालची धाप

कोल्हापूर परिसरात थंडी पडली, गुऱ्हाळं पेटली, की धाप लागलेली माणसं दवाखान्याच्या बाकांवर दिसू लागतात. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी, शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, उभा राहणारा कामगार, इचलकरंजीत मागावर तूस झेलणारी बाई आणि जन्मभर चुलीपुढं बसलेली, विडीला कधी हात न लावलेली म्हातारी. चौघांच्याही केसपेपरवर ‘दमा’ हा एकच शब्द पडू शकतो. वाफ, सलाईन, स्टेरॉईडचं इंजेक्शन, चार दिवसांत घरी. महिनाभरात पुन्हा तीच कॉट.

दम्यासारखीच धाप सीओपीडीतही लागते; हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार. विडी-सिगारेट नाही म्हणजे सीओपीडी नाही, हा समज पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मधल्या लेखातून खोडून काढला. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. आजाराच्या एकूण ओझ्यात तंबाखूचा वाटा २५ टक्के, तर घरातल्या-बाहेरच्या प्रदूषित हवेचा जवळपास ५४ टक्के होता.

दम्यात आवळलेली श्वासनलिका औषधानं बरीच मोकळी होते, सीओपीडीत पूर्ण मोकळी होत नाही. जुन्या क्षयाचे व्रण, सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस, थकलेलं हृदय यांनीही धाप लागते. नुसता स्टेथोस्कोप लावून हा गुंता सुटत नाही. कॅनडातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दम्याचं निदान झालेल्या ६१३ जणांची नीट फेरतपासणी झाली, तेव्हा तिघांतल्या एकाला त्या घडीला दमा आढळला नाही.

यावरची तपासणी साधी आहे: स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि शेजारी ‘फुंका, अजून, अजून, सोडू नका’ म्हणून ओरडणारा तंत्रज्ञ. मग पंपाचं औषध, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकणं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, की नळ्या अरुंद. मेख अशी, की धाप जोरात असताना ही तपासणी धड होत नाही. ती रुग्ण सावरल्यावर करायची, आणि सावरलेला माणूस रोज बुडवून दवाखान्यात कशाला येईल? चूक नेमकी या फटीत टिकून राहते.

महिनाभरात परतणाऱ्यांची मोजदाद करता येते. अमेरिकेत सीओपीडीचे रुग्ण ३० दिवसांत प्रमाणाबाहेर परतले तर २०१४ पासून रुग्णालयाला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून मिळणाऱ्या पैशाला कात्री लागते. तो दंड इथं आणावा असं नाही. त्यानं गंभीर रुग्णाला टाळण्याचा मोहच वाढेल. पण पुन्हा दाखल होणाऱ्यांची नोंद ठेवायला कायदा लागत नाही.

फौंड्रीवाल्याचं आणि मागावरच्या बाईचं दुखणं आणखी वेगळं. सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे कायद्यानं नोंदवायचे आजार आहेत. बिसिनोसिसची खूणही ओळखीची आहे: सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. ‘दमा’ लिहिलं, की नोंद टळते, भरपाईचा दावा लंगडा पडतो आणि माणूस त्याच धुळीत परत उभा राहतो.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली दोन ओळी हव्यात: काम काय करतो, आणि स्पायरोमेट्रीची तारीख. ती तारीख तालुक्याच्या दवाखान्यातली, बाजाराच्या दिवसाची असावी. पिशवी घेऊन माणूस तसाही गावात आलेला असतो.