गोल्फ जीटीआय की ऑक्टाव्हिया आरएस? वैभववाडीच्या घाटरस्त्यावर कोणती गाडी खरी उपयोगाची

इंजिन एकाच घराण्याचे, ताकद सारखी, लाँचवेळच्या किमतीत तीन लाखांचा फरक. तरीही निवड सोपी का नाही?

वैभववाडी : गाडीची आवड असलेल्या माणसाला पन्नास लाखांच्या आसपास खर्च करून वेगवान पेट्रोल गाडी घ्यायची असेल, तर २०२५ या वर्षाने त्याच्यासमोर दोन नावे ठेवली. मे महिन्यात आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि ऑक्टोबरमध्ये आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन्ही पूर्ण तयार स्थितीत परदेशातून आलेल्या. जीटीआयच्या पहिल्या तुकडीत १५० गाड्या होत्या, आरएसच्या फक्त १००. दोन्ही तुकड्या हातोहात संपल्या. त्यामुळे आता प्रश्न आहे तो पुढच्या तुकडीचा किंवा वापरलेल्या गाडीचा.

या दोन गाड्यांची तुलना बहुतेक वेळा पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर होते. पण मालक वैभववाडीचा असेल तर? त्याला कोल्हापूर गाठायचे तर करूळ किंवा भुईबावडा घाट चढून गगनबावड्याला जावे लागते. पुढे साधारण ५५ किलोमीटरचा रस्ता कळे, असळज अशा गावांतून जातो. हंगामात समोर उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात दाट धुके आणि बारा महिने एसटी. या रस्त्यावर २६५ अश्वशक्तीचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

दोन्ही गाड्यांत २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ताकद २६५ पीएस, टॉर्क ३७० न्यूटन मीटर. गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी. ताकद पुढच्या चाकांना मिळते. कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. दोन्ही कंपन्या एकाच समूहाच्या आहेत आणि दोन्ही गाड्यांचा सांगाडाही एकाच मूळ रचनेवर उभा आहे.

फरक असा : शून्य ते शंभरचा वेग गाठायला जीटीआय ५.९ सेकंद घेते, आरएस ६.४ सेकंद. जीटीआयची लाँचवेळची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख होती, आरएसची ४९.९९ लाख. जीटीआय हॅचबॅक आहे, आरएस लांब डिकीची. आरएसच्या डिकीत ६०० लिटर सामान मावते, जीटीआयच्या डिकीत पावणेचारशे लिटरच्या आसपास.

वाद बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदावर आणि तीन लाखांवर अडकतो. वैभववाडीच्या माणसाने या दोन्ही आकड्यांना फार भाव देऊ नये. का, ते पाहू.

घाटात ताकदीचा उपयोग किती?

डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष आहेत. त्यानुसार हेअरपिन वळणाची आतील त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि ते वळण ताशी २० किलोमीटर वेग धरून आखले जाते.

आता साधे गणित. गाडीचा मार्ग आतल्या कडेपासून थोडा बाहेरून जातो, म्हणून त्रिज्या १७ मीटर धरू. ताशी २० च्या वेगाने वळताना गाडीला बाजूला ढकलणारे बल तिच्या वजनाच्या जेमतेम ०.१८ पट असते. प्रवाशाला काही जाणवतही नाही. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० केला की तेच बल चौपट होते, ०.७४ पट. कोरड्या रस्त्यावर चांगला टायर साधारण ०.९ पटीपर्यंत तग धरतो. ओल्या रस्त्यावर ही मर्यादा बरीच खाली येते. वळणावर शेवाळ, माती किंवा ट्रॉलीतून सांडलेले डिझेल असेल तर विचारायलाच नको.

अर्थ सरळ आहे. अशा वळणावर ताशी ४० च्या आसपास टायरची मर्यादा दिसू लागते. मग बॉनेटखाली ११० पीएस असोत की २६५. वळण संपल्यावर पुढचे वळण येईपर्यंत जी सरळ पट्टी मिळते, तिथे अर्ध्या सेकंदाचा फरक दाखवायला जागाच उरत नाही.

धुक्यात थांबायला किती अंतर लागते?

गगनबावडा हा राज्यातील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. पावसाळ्यात घाटमाथ्यावर समोरचे ३० मीटरही नीट दिसत नाहीत, अशी वेळ येते.

चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला आणि ओल्या रस्त्याची पकड निम्मी धरली, तर ताशी ४० च्या वेगात गाडी थांबायला सुमारे २९ मीटर लागतात. ताशी ८० असेल तर सुमारे ८४ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळपास तिप्पट. हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. उतारावर अंतर आणखी वाढते.

म्हणजे ३० मीटर दिसत असताना ताशी ४० हीच शेवटची सीमा आहे. महागडे ब्रेक ही सीमा किंचित पुढे ढकलतात, पण दीड सेकंदाची माणसाची मर्यादा कोणतीही कंपनी विकत देत नाही. वळणापलीकडे एसटीची वाट पाहणारी शाळकरी मुले किंवा रस्त्यात बसलेली गुरे असतील, तर किंमत मोजणारा गाडीचा मालक नसतो.

मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो लांबीत, रुंदीत आणि गाडीच्या पोटाखालच्या जागेत.

जीटीआय ४,२८९ मिलिमीटर लांब आहे, आरएस ४,७०९. फरक ४२ सेंटिमीटरचा. पण दोन चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, जीटीआयचा २,६२७ आणि आरएसचा २,६७७ मिलिमीटर. तिथे फरक फक्त ५ सेंटिमीटरचा. उरलेले ३७ सेंटिमीटर चाकांच्या पुढे आणि मागे लोंबणाऱ्या भागात गेले आहेत. हाच भाग गटाराच्या कडेला, उंच चढाच्या सुरुवातीला आणि घराकडे उतरणाऱ्या पाखाडीवर आधी घासतो. रुंदीतही जीटीआय ४ सेंटिमीटरने अरुंद आहे. वळणावर समोरून एसटी आली की हे ४ सेंटिमीटर आठवतात.

गतिरोधकांचे गणितही पाहण्यासारखे आहे. निकषानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. असा गतिरोधक ओलांडताना तो दोन्ही चाकांखाली एकाच वेळी असतो. त्यामुळे गाडीच्या पोटाकडे येणारा उंचवटा फक्त ५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. जीटीआयचा ग्राउंड क्लिअरन्स १३६ मिलिमीटर आहे. ती आरामात जाते.

गावाच्या तोंडावर मात्र मीटरभर रुंदीचा, १२ सेंटिमीटर उंचीचा घरगुती गतिरोधक भेटतो. त्यावर पुढची चाके उतरून गेलेली असतात, मागची चढलेली नसतात आणि अख्खे १२ सेंटिमीटर पोटाखाली येतात. जीटीआयकडे तेव्हा उरतात १६ मिलिमीटर. चार माणसे आणि सामान भरले की तेही जातात. आरएस नेहमीच्या ऑक्टाव्हियापेक्षा १५ मिलिमीटर खाली बसवलेली आहे. तिची परीक्षा याहून सोपी नाही.

चाकांचेही तसेच. आरएसला १९ इंची रिम आणि २२५/४० टायर आहेत. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची जेमतेम ९ सेंटिमीटरची भिंत. जीटीआयची रिम १८ इंची आहे.  वाकलेली रिम आणि फुगलेला टायर तालुक्याच्या गावात लगेच मिळत नाही.

खर्चाचा न दिसणारा भाग कोणता?

महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर २० टक्के वाहन कर लागतो. पन्नास लाखांच्या गाडीवर हा कर सुमारे १० लाख होतो. विमा धरला की दोन्ही गाड्या रस्त्यावर येईपर्यंत साठ लाखांच्या पुढे जातात. लाँचवेळच्या दोन्ही किमतींमधला तीन लाखांचा फरक या रकमेपुढे फार मोठा राहत नाही.

खरा खर्च पुढे आहे. सर्व्हिससाठी वैभववाडीकरांना कोल्हापूर किंवा गोव्याकडे पाहावे लागते. कोल्हापूरची वाट घाटाच्या मर्जीवर चालते. जानेवारी २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी बंद झालेला करूळ घाट वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला आणि वाहतूक भुईबावडा, फोंडा घाटांकडे वळली. पावसाळ्यात दरड कोसळली की आजही तीच वेळ येते. अशा वेळी बंद पडलेली गाडी सपाट ट्रकवर चढवून फोंड्यामार्गे नेण्याचा खर्च मालकाच्या खिशातून जातो. इतक्या कमी संख्येने आलेल्या गाडीचा सुटा भाग यायलाही वेळ लागू शकतो.

मग कोणती घ्यावी?

वैभववाडीत राहणाऱ्या, घाट नेहमी चढणाऱ्या आणि घरात दुसरी साधी गाडी असलेल्या शौकिनाने जीटीआय घ्यावी. ती अर्ध्या सेकंदाने वेगवान आहे म्हणून नव्हे. ती आखूड आहे, अरुंद आहे, तिचे टोक कुठे संपते ते चालकाला कळते. ताशी ३५ च्या वेगातही स्टिअरिंगला हात लावल्याचे समाधान मिळते. घाटात आनंद मिळतो तो तेवढ्याच वेगात.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्याने आरएस घ्यावी. त्याचा बहुतेक प्रवास महामार्गाचा असतो. घरची माणसे, मखराचे सामान, परतताना फणस आणि आंब्याच्या पेट्या, या सगळ्याला ६०० लिटरची डिकी लागते. लांब प्रवासात लांब गाडी मागच्या माणसांनाही सुखाची असते. फक्त तळेऱ्याला महामार्ग सोडला की उजवा पाय हलका करावा.

घरात एकच गाडी असणार असेल, तर दोन्हींचा विचार सोडून द्यावा. पाहुण्याला रात्री दवाखान्यात न्यायची गाडी पोट घासणारी असून चालत नाही.

वापरलेली घेताना काय पाहावे?

गाडी लिफ्टवर चढवून पोटाखालचे संरक्षक आवरण ओरखडले आहे का ते पाहावे. चारही रिम आतल्या बाजूने तपासाव्यात, वाकलेली कड तिथे दिसते. टायर पुढे-मागे सारखे झिजले आहेत का, स्टेपनी आहे की नाही, सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत का, हे विचारावे. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेन क्रमांक आणि इथेनॉलची मर्यादा वाचावी आणि जवळच्या पंपावर ते पेट्रोल मिळते का, याची खात्री करावी.

वेगाची हौस कुठे भागवावी?

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे आणि बेदरकारपणे गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. ताकदीची हौस असेल तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. सिंधुदुर्गातून ते दूर आहेत, हे खरे. पण गाडीवर साठ लाख घालणाऱ्याला वर्षातून एक ट्रॅक डे परवडतो.

१९७६ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयची ताकद ११० पीएस होती आणि तिने वेगवान हॅचबॅकची अख्खी परंपरा घडवली. आज करूळच्या हेअरपिनवर तेवढी ताकदही पुरून उरते. म्हणून चाचणी घ्यायची तर शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर घेऊ नये. विक्रेत्याशी आधी बोलून गाडी गगनबावड्यापर्यंत न्यावी, घरचे चौघे बसवून, गावचे गतिरोधक ओलांडत. त्या फेरीनंतर घरी परतताना जी गाडी पुन्हा चालवावीशी वाटेल, तीच घ्यावी.