आईपासून तोडतं कोण?

माणदेशातल्या म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला ऐकवलं : पोराला मनोरुग्णालयात ठेवणं म्हणजे आईपासून तोडणं. त्यापेक्षा आजीपाशी ठेवा, सिद्धनाथाच्या पायावर घाला. पोर ताळ्यावर येतं. दवाखान्याचा शिक्का बसला की जन्म गेला.

आईपासून तोडणं म्हणे! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ८७ वं कलम त्यांनी एकदा तरी वाचायला हवं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर अर्ज बहुधा आईबापांचाच लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यतज्ज्ञ पोराला वेगवेगळं तपासतात. घरी राहून उपचार जमत नाहीत, अशी दोघांची खात्री पटावी लागते. मोठ्या रुग्णांत पोराला ठेवता येत नाही. आणि मुक्काम असेल तितके दिवस पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस शेजारी राहिलंच पाहिजे. बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, महिन्यावर गेलं तर मंडळानं फेरतपासणी करायची. यात तोडलं कुठं? बाप सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानावर परमुलखात, आई कोयता घेऊन ऊसतोडीला, पोर आजीच्या गळ्यात. हे माणदेशात पिढ्यान् पिढ्या चाललंय. त्या ताटातुटीवर हे गृहस्थ कधी बोलले नाहीत. ज्या दवाखान्यात आईला पोराशेजारी राहता येतं, तिथंच त्यांना मायेचा उमाळा येतो.

देवाचं म्हणाल, तर सिद्धनाथाला मीही हात जोडतो. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. हा वाद आम्ही तो कायदा आला तेव्हाही घातला होता. समोरची वाक्यंसुद्धा हीच होती. शिक्क्याची भीती खरी, पण तो मारतं गाव, डॉक्टर नव्हे.

प्रत्येक हट्टी पोराला दाखल करा, असं मी म्हणत नाही. पण ज्या पोरीनं विषारी औषध प्यायलंय, ज्या पोरानं आठवडाभर अन्न सोडलंय, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला काही दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळणारी जागा लागते. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. दहिवडीच्या मजुरानं मजुरी बुडवून किती खेपा घालायच्या? सातारा-सांगलीच्या जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी वेगळ्या खाटा आणि शेजारी आईची खाट, एवढं आपण मागितलंच पाहिजे.

तोवर घरात असं पोर असेल, तर १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात.