गांजाबंदी : परंपरा की कायद्याची उपज?

१/ कल्याण-डोंबिवलीत गांजा पकडला गेला की ‘ही आपली संस्कृती नव्हे’ असा गजर सुरू होतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

२/ १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा आयोग नेमला. ११९३ साक्षी तपासून १८९४ मध्ये निष्कर्ष निघाला : अतिसेवन घातक, माफक सेवन सहसा निरुपद्रवी, सरसकट बंदी अनावश्यक, कर व परवाने पुरेत.

३/ मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांग-गांजाही जखडला. देशभर बंदी आली ती १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून. त्यातही फुलोऱ्याचे शेंडे तेवढे गांजा. नुसती पाने नव्हेत!

४/ एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’. तरी शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. खिशातल्या पुडीपायी एखादा तरुण आधारवाडी कारागृहाच्या दारात उभा राहू शकतो.

५/ तस्कराला जरूर धरावे. व्यसन मात्र आजार आहे. त्याला वैद्य हवा, बेडी नव्हे. उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. तीच वाट रुंद करावी. परंपरेच्या नावाने विसाव्या शतकातील कायदा पूजणाऱ्यांनी आधी १८९४ चा अहवाल उघडावा.