नवतपा आणि सफरचंदाचे रोप

आसगाव व पवनी तालुक्यातील अन्य गावांच्या शेतकऱ्यांस धानाच्या जोडीला फळबाग असावी असे वाटणे रास्तच होय. मात्र उष्ण प्रदेशात येणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या सफरचंदाच्या रोपांसाठी धानाची बांधी मोडावी काय, याचा निर्णय नफ्याचे आकडे पाहून न करता उन्हाळा पाहून करावयास हवा.

नेहमीच्या सफरचंदास फुलण्यापूर्वी ७ अंशांखालील थंडी सुमारे ८०० ते १२०० तास लागते. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे बागाईतदार हरिमन शर्मा यांच्या एच.आर.एम.एन.-९९ या वाणाने ही अट सैल केली. त्यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती यथायोग्यच होय. परंतु थोड्या थंडीत फुलणे निराळे आणि विदर्भाच्या उन्हात फळ पोसणे निराळे. जाहिरातींत या दोन गोष्टींची सरमिसळ होते. या वाणाचे फळ जूनमध्ये तयार होते. म्हणजे ते एप्रिल-मे महिन्यांत भरते, आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जाऊन नवतपा लागतो तेव्हा ते झाडावरच असते.

भर उन्हात फळाची साल हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक तापू शकते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या संशोधनानुसार सालीचे तापमान ४६ ते ४९ अंशांवर गेले व वर ऊन असले, की फळावर तपकिरी डाग पडतो. ५२ अंशांच्या सुमारास तर दहा मिनिटांत साल मरते. तेथील बागाईतदार हवा ३५ अंशांच्या आसपास पोचण्याआधीच झाडांवर तुषार सोडून फळे निववू लागतात. भंडाऱ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो! नासपतीचीही कथा फारशी वेगळी नाही. पंजाबच्या मैदानात पत्थरनाख ही कमी थंडीची जात होते खरी, पण पंजाबचा हिवाळा येथे नाही.

पाणी मुबलक असले म्हणजे झाले, असा एक समज आहे. तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण असल्याने तो अधिकच बळावतो. वस्तुतः दुपारच्या तीव्र उष्णतेत व कोरड्या वाऱ्यात पानांची रंध्रे मिटतात. मग जमीन ओली असूनही पान स्वतःस थंड राखू शकत नाही. अशा वेळी आळे तुडुंब भरल्यास, विशेषतः बांधीच्या चिकण जमिनीत, मुळांचा श्वास कोंडतो आणि झाड कोमेजलेले पाहून शेतकरी आणखी पाणी देतो. पाणी सायंकाळी अथवा पहाटे, थोडे व नियमित द्यावे. बुंध्यास पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे.

ज्यांनी रोपे लावलीच आहेत त्यांनी, तसेच आंबा, संत्रा वा पेरूची नवी बाग असणाऱ्यांनीही, मार्चअखेर तयारी पुरी करावी. रोपाच्या दक्षिणेस व पश्चिमेस तुराट्यांची ताटी उभारावी. पूर्व बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी सोडावी. आळ्यात धानाच्या तणसाचा चार बोटे थर द्यावा, पण बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. तणस या जिल्ह्यात विकत आणावे लागत नाही, हे भाग्यच म्हणावयाचे. खोडास चुन्याची सफेदी द्यावी. पाने व फळे यांवर लिटरमागे ५० ग्रॅम केओलिन मिसळून फवारल्यास ऊन परतविले जाते. पश्चिमेच्या धुऱ्यावर बांबू किंवा शेवरी असल्यास उष्ण वारे अडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर छाटणी करून फांद्या उघड्या पाडू नयेत.

हौसेखातर परसात दोन झाडे लावण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तेथे सावलीही देता येते आणि लक्षही राहते. एकराची गोष्ट वेगळी. तेथे बांधी मोडण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासोबत बसून रोपे विकणाऱ्यास एवढेच विचारावे, की याच जिल्ह्यात नवतपा सोसून विक्रीयोग्य फळ दिलेले झाड कोठे पाहावयास मिळेल, आणि ते किती वर्षांचे आहे.