उसातल्या दोन धावा

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला निघालो होतो. चोर्ला घाट चढून बेळगाव, मग निपाणी, असं करत कोगनोळीला पोचलो. हायवेवरचं हे कर्नाटकातलं अगदी काठावरचं गाव, पुढे कागल आलं की महाराष्ट्र. राज्य कुठलंही असो, चहाच्या टपरीवर कानावर पडते ती खणखणीत कोल्हापुरी मराठी. टपरीमागे कापणी झालेल्या रानात पोरं टेनिस बॉलनं खेळत होती. एकाने जोरदार टोला हाणला, चेंडू थेट उसात. मला वाटलं, सिक्सर! पण वहीवाल्या पोराने लिहिल्या दोन.

मी विचारलं, "दोनच का रे?"

"उसाकडची बाउंडरी जवळ हाय न्हवं काका, तितं कोन बी मारतंय. हिरीकडं मारला की सहा."

मंडळी, ह्या एका वाक्यात त्या पोराने जे सांगितलं, ते कळायला अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना शंभरेक वर्षं लागली!

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी मोजायची पद्धत रूढ केली हेन्री चॅडविक ह्या वार्ताहराने. हा जन्माने इंग्रज, आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा. म्हणजे तो हिशेब एका अर्थी आपल्याच घरातून गेलेला. त्या सरासरीत मोठी खोट होती. पिचरने चार चेंडू वाईट टाकले आणि फलंदाजाने संयमाने सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. सरासरीत ह्या 'वॉक'ची किंमत शून्य. आणि साधा फटका व होमरन, दोन्ही सारखेच.

पुढे बिल जेम्ससारख्या आकडेवेड्यांनी हे उकरून काढलं. २००२ साली ओकलंडच्या गरीब संघाने हाच हिशेब धरून स्वस्तात खेळाडू घेतले आणि सलग २० सामने जिंकले. २००३ मध्ये त्यावर 'मनीबॉल' हे पुस्तक आलं, मग सिनेमाही.

आता प्रत्येक गोष्टीला तिच्यातून किती धावा निघतात त्याप्रमाणे वजन देतात. वॉकला साधारण ०.६९, एका बेसच्या फटक्याला ०.८९, होमरनला २.१०. हंगामाप्रमाणे थोडा फरक पडतो. समजा, एकाने १०० वेळा खेळून ३० साधे फटके मारले. त्याची सरासरी .३००. दुसऱ्याने १५ वॉक घेतले आणि उरलेल्या ८५ वेळांत २२ फटके मारले, त्यातले ६ होमरन. त्याची सरासरी .२५९, म्हणजे जुन्या हिशेबात हा कच्चा. नव्या वजनाने पहिल्याचे .२६७ होतात आणि दुसऱ्याचे .३७२! वर्षानुवर्षं लोक पहिल्यालाच टाळ्या देत होते.

त्यापुढची पायरी म्हणजे मैदान. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंच, हवा विरळ, चेंडू लांब उडतो. म्हणून तिथल्या धावांना बट्टा लावतात. डब्ल्यूआरसी प्लस नावाच्या आकड्यात १०० म्हणजे त्या हंगामातला सर्वसाधारण फलंदाज, १२० म्हणजे त्याच्याहून वीस टक्के सरस. थोडक्यात, उसात गेला तर दोनच.

कोगनोळीहून कोल्हापूर तासाभरावर. ते भाऊसाहेब निंबाळकरांचं गाव. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम नाबाद ४५२ चा, अवघ्या नऊ धावा दूर. आणि पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला! भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही. २०१२ साली ते गेले, तेव्हाही त्यांची ओळख त्या एका आकड्याचीच होती.

आता त्या पोराची वही इथे लावू. त्याच मोसमात पुण्यालाच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या. पुणं त्या वर्षी म्हणजे नुसता उसाकडचा अंगच! ४४३ ला बट्टा लावावा लागेल, हे कोल्हापूरकरांची क्षमा मागून म्हणतो. पण तोच हिशेब भाऊसाहेबांच्या बाजूनेही बोलतो. ८० प्रथम श्रेणी सामने, ४८४१ धावा, १२ शतकं, ४७.९३ ची सरासरी. एका डावाचा आकडा इतका थोरला झाला की त्याच्या सावलीत ही सगळी कमाई दिसेनाशी झाली. त्या काळी प्रत्येक मोसमाचा असा तौलनिक हिशेब कुणी मांडला असता, तर चर्चा हुकलेल्या नऊ धावांची न होता ह्या माणसाच्या योग्यतेची झाली असती.

आता आपल्या अंगणात येऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याने अरुणाचल प्रदेशविरुद्ध २ बाद ७२७ केल्या. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, दोघांची ६०६ ची अखंड भागीदारी, रणजीतली सर्वांत मोठी. अरुणाचल ८४ आणि ९२. मलाही आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू! पण समोरचा संघ दोन्ही डाव मिळून १७६ करतो, तेव्हा ह्या धावा कुठल्या बाजूच्या, हे विचारायलाच हवं. हे विचारण्यात त्या दोघांचा अपमान नाही. त्यांनी समोर आलं ते खेळून काढलं.

अन्याय होतो तो दुसऱ्याच कुणावर. बलाढ्य संघासमोर, फिरत्या खेळपट्टीवर, गोव्याचा डाव कोसळत असताना कुणी पोरगा चार तास उभा राहून साठ करतो. पेपरात त्याला एक ओळ मिळते आणि निवड करताना शतकं तेवढी मोजली जातात. छोट्या राज्याच्या खेळाडूला आधीच कुणी विचारत नाही, त्यात त्याच्या कष्टाच्या धावा आणि फुकटच्या धावा एकाच भावाने विकल्या जातात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आपल्या क्रिकेटची वही आपण नीट लिहायला शिकावं. शाळांच्या स्पर्धांपासूनच धावांसोबत खेळपट्टी, समोरची गोलंदाजी आणि त्या सामन्यात इतरांनी किती केल्या, हे नोंदवावं. त्याला संगणक लागतोच असं नाही.

चहा संपवून निघालो, तेव्हा त्याच पोराने विहिरीकडे टोला हाणला. वहीवाल्याने न सांगता सहा लिहिल्या.