चेहरा एकाचा, उजेड दुसऱ्याचा

दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत मी राहायला आलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. त्या काळी सकाळी नऊच्या सुमारास चित्रनगरीच्या फाटकाबाहेर एक दृश्य हमखास दिसे. उत्तर प्रदेशातून, पंजाबातून आणि आपल्या सातारा-नाशिककडून आलेली पोरे काखेत जाडजूड आल्बम घेऊन उभी असत. या आल्बमला 'पोर्टफोलिओ' म्हणत. एक फोटो डेनिमच्या जाकिटातला, एक ओल्या केसांचा, एक नुसताच खिडकीबाहेर बघणारा. त्या दहा-बारा फोटोंसाठी कुणाच्या आईची पाटली गहाण पडलेली असे. पोरे आजही येतात. आता मेट्रोचे दिंडोशी स्थानकही झाले आहे. काखेतला आल्बम मात्र गेला आणि त्याच्या जागी हातात फोन आला.

आमच्या वसाहतीत सत्तरी ओलांडलेले एक छायाचित्रकार राहतात. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत त्यांनी चित्रपट-मासिकांसाठी पुष्कळ काम केले. नाव छापू नका असे त्यांनीच सांगितले आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून मला उघडून दाखवली. आत प्लॅस्टिकच्या पाकिटांत रंगीत ट्रान्स्परन्सी होत्या. एक त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. एका गाजलेल्या नायिकेच्या गालावर बुरशीचे पांढरे जाळे पसरले होते. "ही माझी पेन्शन," ते म्हणाले. यापेक्षा कितीतरी अधिक चित्रे एका मासिकाच्या कचेरीत राहिली. मासिक बंद पडले, कचेरी हलली आणि चित्रे परत आली नाहीत. मध्यंतरी त्यांतलेच एक त्यांना नातवाच्या फोनवर दिसले. हजारो लोकांनी ते वाखाणले होते. खाली नाव कुणाचेच नव्हते. "आता मी कुणाकडे जायचे?" त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

ग्लॅमरच्या छायाचित्रकारीचा विषय निघाला की मराठी माणसाला पहिले नाव आठवते ते गौतम राजाध्यक्ष यांचे. १६ सप्टेंबर १९५० चा त्यांचा जन्म. सेंट झेवियर्समध्ये ते रसायनशास्त्र शिकले आणि पुढे काही काळ तिथे शिकवलेही. १९७४ मध्ये ते 'लिंटास' या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात लागले. १९८० मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि तिथून त्यांचे नाव होऊ लागले. नोकरी मात्र त्यांनी सोडली ती १९८७ मध्ये. म्हणजे नाव झाल्यावरही सात वर्षे दरमहा पगार चालू होता. या सात वर्षांकडे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो तो नको ते काम नाकारू शकतो.

आपल्याकडे मुखपृष्ठावरचा सुंदर चेहरा छायाचित्रकाराच्या आधी चित्रकाराचा होता. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांवर रंगवलेल्या स्त्रिया घरोघरी पोहोचल्या होत्या. दलालांचा स्वतःचा 'दीपावली' होता, मुळगावकरांचा 'रत्नप्रभा'. चित्र आपलेच आणि अंकही आपलाच, असा तो कारभार. १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' निघाले आणि त्याच्या संपादकपदी राजाध्यक्षांची चुलत बहीण शोभा, म्हणजे पुढे शोभा डे म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखिका, आली. अशा मासिकांना दर महिन्याला एक ताजा चेहरा लागे. नट-नट्यांनाही मुखपृष्ठ हवे असे, कारण दूरदर्शनची एकच वाहिनी असण्याच्या त्या काळात प्रेक्षकांच्या घरात शिरण्याची दुसरी वाट फारशी नव्हती. या दोन गरजांच्या मधोमध छायाचित्रकार उभा होता. त्या जागेतून त्याचा व्यवसाय उभा राहिला.

ते काम सोपे नव्हते. ट्रान्स्परन्सीची फिल्म फार मानी. उजेडाचा अंदाज थोडा चुकला तरी चेहरा पांढराफटक तरी पडे, नाहीतर काळवंडे. नंतर दुरुस्तीला वाव जवळजवळ नसे. छबी उभ्या चौकटीत बसवायची, डोक्यावर मासिकाच्या नावासाठी जागा सोडायची, बाजूला मथळ्यांसाठी. थर्माकोलचा पत्रा धरून गालावर उजेड परतवायचा. आणि हे सगळे सांभाळताना समोरच्या माणसाला बोलते ठेवायचे, कारण अवघडलेला चेहरा कोणत्याही भिंगातून अवघडलेलाच दिसतो. राजाध्यक्षांना हे शेवटचे काम विशेष साधले होते. ते उत्तम बोलत, उत्तम लिहीत. 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचे त्यांनी संपादन केले. काजोलचा पहिला चित्रपट 'बेखुदी' (१९९२) त्यांनी लिहिला. १९९७ मध्ये त्यांचा 'फेसेस' हा ग्रंथ आला. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे त्यात आहेत. पुढे 'चेहरे' नावाने ते काम मराठीतही आले. त्यांच्या छायाचित्रांत प्रत्येकजण जरा जास्तच सुंदर दिसतो, अशी तक्रार होत असे. ती अगदीच खोटी नाही. पण त्यांच्यासमोर बसणाऱ्याला आपला घात होणार नाही अशी खात्री असे, आणि तीच त्यांची खरी मिळकत होती. १३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, ते गेले.

ही झाली यशाची गोष्ट. तिच्या शेजारी आणखी एक नाव ठेवले पाहिजे. जगदीश माळी यांनीही त्या दशकांत सिनेमासृष्टीतले चेहरे टिपले. रेखाची त्यांनी काढलेली छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. जानेवारी २०१३ मध्ये ते मुंबईत रस्त्यावर वाईट अवस्थेत आढळल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांत किती तथ्य आणि किती तिखटमीठ होते, त्यात मला शिरायचे नाही. मे महिन्यात त्यांचे निधन झाले. मला आठवते ती एक गोष्ट. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना कॅमेऱ्यासमोर कसे दिसावे ते शिकवले, त्याची ती अवस्था कॅमेऱ्यांनी टिपली आणि ती चित्रे घरोघर दाखवली गेली.

एकाला मान मिळाला आणि दुसऱ्याबद्दल हळहळ. दोन्ही ठिकाणी आपण माणसाच्या नशिबाविषयी बोलतो, व्यवसायाच्या रचनेविषयी नाही. माझे शेजारी सांगतात की मुखपृष्ठाचे पैसे बेताचेच असत. मुखपृष्ठ म्हणजे दुकानावरची पाटी. ती बघून जाहिरातीची कामे येत आणि चित्रनगरीबाहेरची पोरे पोर्टफोलिओसाठी येत. घर त्यावर चाले. पाटी उतरली की दुकानही बंद.

मग काढलेल्या चित्रांचे काय? इथे आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहावा लागतो. त्याचे सतरावे कलम सांगते की, मासिकाचा पगारी नोकर असलेल्या छायाचित्रकाराने मासिकासाठी काढलेल्या चित्रावर मालकाचा हक्क वृत्तपत्रे-नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता. बाकीचा हक्क छायाचित्रकाराचा. उलट, पगारावर नसलेल्या छायाचित्रकाराने कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे ज्याला पगार आहे त्याच्याकडे काहीतरी उरते आणि ज्याला पगार नाही त्याच्याकडे काहीच उरत नाही. माझ्या शेजाऱ्यांसारखे मुक्त छायाचित्रकार नेमके या दुसऱ्या वर्गातले. करार कागदावर कोण करत होते? सगळा व्यवहार तोंडी, 'दादा, उद्या रोल पाठवून द्या' इतकाच.

२०१२ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांना मानधनातला वाटा मिळावा, तो त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद झाली. छायाचित्राचे संरक्षणही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत वाढले. पण मुदत वाढली ती हक्काची. हक्कच दुसऱ्याकडे गेलेला असेल, तर वाढीव मुदतीचा लाभ कुणाला? कर्ता म्हणून ओळख मिळण्याचा अधिकार ५७ वे कलम देते आणि तो हक्क विकला तरी शिल्लक राहतो. तो बजावायचा तर न्यायालयात जावे लागते. न्यायालय आमच्या दिंडोशीतच आहे, रिक्षाने दहा मिनिटांवर. पण सत्तरीच्या माणसाला ती दहा मिनिटे फार लांबची आहेत.

इकडे चेहऱ्याच्या मालकाची बाजू मात्र भक्कम होत चालली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या आणि २०२५ मध्ये ऐश्वर्या राय यांच्या नावाचा व छबीचा गैरवापर रोखणारे आदेश दिले. यंत्राकडून बनावट चित्रे तयार होत असताना हे आदेश आवश्यकच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छायाचित्रकाराला सगळे हक्क द्या, असेही मी म्हणणार नाही. 'डेबोनेर'सारख्या मासिकाच्या मधल्या पानासाठी कधीकाळी उभ्या राहिलेल्या मुलीला चाळीस वर्षांनी ते चित्र पुन्हा फिरायला नको असेल, तर तिच्या म्हणण्याला वजन असलेच पाहिजे. छायाचित्रावर तिघांचा दावा असतो : ज्याचा चेहरा त्याचा, ज्याने पैसे दिले त्याचा आणि ज्याने ते घडवले त्याचा. पहिल्या दोघांसाठी वकील उभे आहेत. तिसऱ्याचे नावसुद्धा चित्राखाली नसते.

आज तर मधली जागाच मोडली आहे. तारे-तारका आपली छायाचित्रे स्वतःच प्रसिद्ध करतात. मुखपृष्ठाची वाट कुणी बघत नाही. विमानतळाबाहेर आणि व्यायामशाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या तरुण छायाचित्रकारांना धावपळ भरपूर आहे, पण समोरच्याशी दोन वाक्ये बोलायला वेळ नाही. राजाध्यक्षांची मिळकत म्हणजे तो विश्वास, आणि तो कमावण्याची संधीच या मुलांना मिळत नाही. त्यांची चित्रे तर ट्रंकेतही उरणार नाहीत.

करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. मोबदल्याच्या कागदावर हक्कांची एक ओळ असावी. चित्राखाली नाव असावे. आणि जुनी चित्रे वाचवायला हवीत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे चित्रपटांबरोबर छायाचित्रेही जपली जातात. आमच्या दारातली चित्रनगरी १९७७ पासून राज्य सरकारच्या पैशाने उभी आहे. तिच्या एवढ्या विस्तारात दमटपणा आत येणार नाही अशी एक खोली या ट्रंकांसाठी मिळू नये का? चित्रे कुणाच्या मालकीची हा वाद नंतर होईल. आधी ती वाद घालण्यापुरती तरी उरली पाहिजेत.

परवा शेजाऱ्यांकडे गेलो तेव्हा ते मऊ ब्रशने एकेक ट्रान्स्परन्सी झटकत बसले होते. नातू दुसऱ्या बाजूला त्यांचे फोटो फोनने काढून ठेवत होता. प्रत्येक चित्राखाली काय लिहायचे, असे त्याने विचारले. त्यांनी नायिकेचे नाव सांगितले, साल सांगितले. मी म्हणालो, "आणि तुमचे?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "लिही बाबा. कुणी विचारले नव्हते म्हणून राहून गेले."