हाडकी-हाडवळ्यापासून चार गुंठ्यांपर्यंत

स्मरणिकेचा हा अंक समाजबांधवांच्या हाती देताना गेल्या स्नेहमेळाव्यातील एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. एका भगिनीची कन्या येथील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली आणि विद्यापीठात जाण्यापूर्वी वर्षभर सेंद्रिय शेतावर काम करीन, असे म्हणाली. "शेण काढायला का आम्ही जर्मनीत आलो?" असे त्या माउलीने आम्हांस विचारले. त्यांच्या आजोबांनी येसकरकी केली होती.

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला माती आली ती हाडकी-हाडवळ्याच्या रूपाने. त्या तुटपुंज्या वतनी जमिनीच्या बदल्यात गावचे निरोप पोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि पोटासाठी खळ्यावर हात पसरायचा. हे जोखड फेकण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या सुधारणेचे विधेयक मांडले, १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. शेतीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांनी हलका करावा, असे त्यांनी १९१८ च्या आपल्या निबंधात लिहिले होते, हेही खरे. आपण सारे त्याच वाटेने शहरांत आणि पुढे येथवर आलो. परंतु १९५९ व १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते जमिनीसाठीच. वेठ नको होती. जमीन हवीच होती.

आता ही मुलगी जेथे जाऊ इच्छिते, ते काय आहे ते पाहू. 'स्वैच्छिक पर्यावरण वर्ष' हा उपक्रम १९८७ साली नीडरझाक्सन राज्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि १९९३ मध्ये त्यासाठी संघराज्याचा कायदा झाला. सक्तीचे शिक्षण संपलेल्या, सत्तावीस वर्षांखालील तरुणांना यात भाग घेता येतो. कोणी सेंद्रिय शेतावर राबतो, कोणी वनखात्याकडे, तर कोणी उत्तर समुद्राच्या भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यात पक्ष्यांची गणना करतो. काम बहुधा पूर्ण वेळेचे असते. लेखी करार असतो, हातखर्च मिळतो, सामाजिक विमा उतरवला जातो आणि वर्षात किमान पंचवीस दिवस केवळ अभ्यासवर्गांसाठी राखलेले असतात. येसकराच्या कोणत्या कागदावर रजेचे दिवस लिहिलेले होते? शेण तेच असेल, पण काढणाऱ्याचा दर्जा तो नाही, एवढे आम्ही त्या भगिनींस सांगितले.

लहान मुलांसाठीही वाटा आहेत. थुरिंगियाच्या प्राथमिक शाळांत 'शाळेची बाग' हा आजही स्वतंत्र विषय आहे. लाइपझिगमध्ये १८६० च्या दशकात एका निवृत्त शिक्षकाने क्रीडांगणाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुले लवकरच कंटाळली आणि खुरपी आईबापांच्या हाती आली. (आपल्याकडे वेगळे घडेल, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही.) त्यातूनच श्रेबर बागा देशभर पसरल्या. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशी बाग ४०० चौरस मीटरांहून मोठी नसावी, म्हणजे जवळजवळ चार गुंठे. तीत फळे-भाजीपाला पिकवावा लागतो. नुसती हिरवळ राखून चालत नाही. पन्हळीचे पाणी पिंपात साठवणे, पालापाचोळ्याचे खत करणे, एका वाफ्यात दरवर्षी तेच पीक न घेणे, हे मूल तेथे बोलता बोलता शिकते. पाण्याच्या एका ओंजळीसाठी १९२७ साली आपले लोक महाडास जमले होते, ही हकीकत त्या पिंपाजवळ उभे राहून सांगता येईल; दिवाणखान्यात ती मुलांच्या कानांवरून जाते, असा आमचा अनुभव आहे.

अशी एक बाग मंडळाने भाड्याने घ्यावी, असे आम्ही सुचवितो. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते, तेव्हा नाव लवकर नोंदविणे बरे. पर्यावरण वर्षाची सुरुवात बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होते. अर्ज त्याआधी कित्येक महिने करावा लागतो.

त्या भगिनींनी अखेरीस होकार दिला. मुलीसाठी रबरी बूट त्यांनीच जाऊन आणले, आणि सोबत एक अट घातली: पहिला भोपळा घरी आला पाहिजे.